आधी ती पिशवी सोड!

अरे, इंजिनिअर ना तू? मग न्हाणीघरात डांबरगोळ्या कसल्या टांगतोस? फिनेल ओतलंस, सुगंधी फवारे मारलेस, उदबत्त्या लावल्यास. गेला वास? रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

"पावसाळी हवा आहे." "वरच्या मजल्यावरून येतो." "बिल्डरनेच काम कच्चं केलंय." संपल्या सबबी? मग चल गच्चीवर. तो व्हेंट पाइप बघ. त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी कुणी बांधली? कोजागिरीच्या रात्री गच्चीवर वास नको, म्हणून तूच ना? कोजागिरी होऊन किती महिने लोटले?

मोरीच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं. गटारातला वायू आणि तुझं घर यांच्यामध्ये पहारा आहे तो तेवढ्या पाण्याचाच. वर कुणी फ्लश केलं की कोसळणारं पाणी आपल्यामागे हवा ओढतं. व्हेंट पाइप उघडा असला तर ती गच्चीवरून येते. तोंड बांधलं की पाइप ती तुझ्या मोरीतून ओढतो आणि ट्रॅपमधलं पाणीही घेऊन जातो. गुडगुड ऐकू येत होती ना? ऐकलीस आणि दार लावून घेतलंस. हवेचा दाब शाळेतच शिकलास, मार्कही पैकीच्या पैकी घेतलेस. ते काय भिंतीवर टांगायला?

"आता सवय झाली, वास जाणवत नाही," असं वर तोंड करून सांगतोस? सडक्या अंड्यासारखा वास असतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू फार वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं असल्याच वायूंनी गुदमरून मरतात. आणि तू म्हणतोस, "कुणाला तरी आत उतरवून बघू"? खबरदार! सुरक्षासाधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. तुझ्या आळसाची किंमत दुसऱ्याने जिवाने चुकवायची?

आता ऐक. पिशवी सोड. पाइपात पाला, घरटं अडकलंय का बघ. तोंडावर जाळीदार टोपी (काउल) बसव. गच्चीवर वास येतो तर पाइप उंच करून घे, बांधून काय ठेवतोस? पाहुण्यांची बाथरूम वापरात नसली की तिथल्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं. तिथे दर आठवड्याला बादलीभर पाणी ओत. एवढं करूनही वास राहिला, तर जाणता प्लंबर बोलावून सांधे तपासून घे.

यातलं कोणतं काम तुला जमणार नाही? एकही नाही. राग त्याचाच येतो. येत नसतं तर शिकवलं असतं. येत असून करत नाहीस, त्याला औषध माझ्याकडे नाही, तुझ्याकडेच आहे. ऊठ, गच्चीची किल्ली घे.