शिट्टीच्या आधी खराटा

उन्हाळ्यात जळगावात मैदान गाठायचं तर सकाळी सहाच्या आत. आठ वाजले की सिमेंटचं कोर्ट तापायला लागतं आणि नऊनंतर तिथे पाय ठरत नाही. परवा फिरायला निघालो तेव्हा एका शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर सर एकटेच होते. हातात लांब दांड्याचा खराटा. रात्रीच्या वाऱ्याने आणून टाकलेली माती आणि निंबाची पानं ते एका कडेला लोटत होते. मुलं आली. दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा घाईघाईने बुटात पाय कोंबत होता. सर त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"मोजा नीट घाल रे भो. टाचेला चुणी राहिली तर फोड येतो."

त्यांनी मोजा ओढून सरळ केला, नाडी बांधून दाखवली, मग सोडली आणि त्याच्याकडून पुन्हा बांधून घेतली. त्यानंतर शिट्टी वाजली.

मला जॉन वूडन आठवले. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, एका शेतकऱ्याच्या घरी 1910 साली जन्मलेला हा माणूस. पर्ड्यू विद्यापीठाचा नामांकित खेळाडू म्हणून 1932 मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला. तेव्हा व्यावसायिक बास्केटबॉल म्हणजे आजच्यासारखा कोट्यवधींचा कारभार नव्हता. वूडन आठवडाभर शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी इंडियानापोलिसच्या कॉट्स्कीज संघाकडून खेळायचे. संघाचा मालक फ्रँक कॉट्स्की किराणा दुकानदार होता. आपल्या खानदेशात आठवडाभर शेत राबून यात्रेच्या फडावर इनामाची कुस्ती मारणारा पैलवान असतो, तसंच हे. या व्यावसायिक सामन्यांत वूडन यांनी सलग 134 फ्री थ्रो न चुकता टाकल्याचं सांगतात.

तरी जगाने त्यांना लक्षात ठेवलं ते त्यांनी टाकलेल्या चेंडूंसाठी नाही. 1948 मध्ये ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात प्रशिक्षक झाले. सरावाची जागा म्हणजे एक जुनी व्यायामशाळा. त्याच जागेत एकीकडे जिम्नॅस्ट उड्या मारायचे, दुसरीकडे कुस्तीगीर भिडायचे. जमिनीवर धूळ आणि पावडर साचायची. म्हणून सराव सुरू होण्याआधी वूडन स्वतः मदतनीस मुलांबरोबर झाडू-पोछा घेऊन ती जमीन पुसायचे. एखाद-दुसरा दिवस नाही, कित्येक वर्षं. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी देशभरातून निवडून आलेल्या खेळाडूंना ते आधी शिकवायचे ते मोजे घालायला: चुणी राहू द्यायची नाही, नाडी घट्ट बांधायची. पुढे जगप्रसिद्ध झालेले करीम अब्दुल-जब्बार आणि बिल वॉल्टन यांनीही हाच पहिला धडा घेतला.

पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं ते थेट 1964 मध्ये, सोळाव्या हंगामात. तिथून मात्र 1975 मध्ये निवृत्त होईपर्यंत 12 वर्षांत 10 विजेतेपदं आणि मध्ये सलग 88 सामन्यांत विजय. ही 10 विजेतेपदं सगळ्यांना पाठ आहेत. त्याआधीची ती 15 वर्षं मला जास्त मोलाची वाटतात. राष्ट्रीय चषक नाही, आणि माणूस रोज जमीन पुसतो आहे.

खराटा हातात घेतलेला असा शिक्षक आपल्या खानदेशालाही ठाऊक आहे. साने गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि छात्रालयाचं कामही त्यांनी पाहिलं. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडायचे, विस्कटलेल्या वस्तू जागच्या जागी लावायचे, आजारी पोराच्या उशाशी बसायचे. रागावणं नाही, उपदेश नाही. संध्याकाळी परतलेलं पोर लख्ख खोली पाहून मनात ओशाळायचं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच केरसुणी उचलायचं. ना त्यांना वूडन माहीत होते, ना वूडन यांना ते. शिकवण्याची रीत मात्र एकच: ज्याला घडवायचं, त्याच्या पायाशी आधी आपण बसायचं.

दोघांना जोडणारी आणखी एक गोष्ट आहे. 1947 साली वूडन इंडियाना स्टेटच्या संघाचे प्रशिक्षक होते. संघाला राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं, पण तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता. संघात क्लॅरेन्स वॉकर हा एक कृष्णवर्णीय मुलगा होता, तोही राखीव खेळाडू. त्याला घरी ठेवून जाता आलं असतं. वूडन यांनी बोलावणंच नाकारलं. पुढच्या वर्षी नियम बदलला, वॉकर खेळला. त्या स्पर्धेत संघ अंतिम सामना हरला, पण दार उघडलं ते उघडलंच. त्याच 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले होते, विठ्ठलाचं दार दलितांना खुलं व्हावं म्हणून. तेही दार उघडलं. खोली झाडण्यात ज्याला कमीपणा वाटत नाही, त्याला दाराबाहेर उभा ठेवलेला माणूस आधी दिसतो. हा योगायोग आहे असं मी मानत नाही.

आणि शिकवायला निघालेल्या माणसाला ऐकताही यावं लागतं. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. 18 अध्याय, 18 रविवार. ती उतरवून घेतली त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी. त्या टिपणांतूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ उभा राहिला. वूडनही कागद-पेन्सिलीचे माणूस. प्रत्येक सरावाची मिनिटामिनिटाची आखणी ते छोट्या कार्डांवर लिहायचे आणि ती कार्डं वर्षानुवर्षं जपून ठेवायचे. कोणाला काय जमलं नाही, उद्या काय बदलायचं, हे त्यात असे. शिकवणारा शेवटपर्यंत विद्यार्थीच असतो, तो असा.

वूडन 2010 मध्ये वयाच्या 99 व्या वर्षी गेले. त्यांच्या खेळाच्या काळातली मैदानं आज कुणाला आठवत नाहीत. त्यांनी नाडी बांधायला शिकवलेली मुलं मात्र म्हातारपणीही तो धडा सांगत राहिली. खेळाडूचा खेळ त्याच्या गुडघ्यांबरोबर थकतो. शिकवणाऱ्याचा खेळ दुसऱ्यांच्या पायांनी धावत राहतो.

जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर आजही असे सर आहेत. सर्वांआधी येतात, सर्वांनंतर जातात, वर्तमानपत्रात त्यांचं नाव येत नाही. उद्या मुलाला सोडायला जाल तेव्हा पाच मिनिटं आधी पोहोचा. सर कोर्ट झाडत असतील, तर लांबून नमस्कार करून परतू नका. दुसरा खराटा उचला, आणि एक मुलाच्याही हातात द्या.