शिस्त नेमकी कोणत्या खर्चाला?

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला की एक वाक्य हमखास कानी पडते: राजकोषीय तूट राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत आहे. पुढे कालव्याच्या रखडलेल्या कामासाठी निधी मागितला की तीच 'वित्तीय शिस्त' नकाराचे कारण म्हणून पुढे केली जाते. ज्या विचारातून वित्तीय शिस्तीचे कायदे जन्मले, त्याचा हा सरळसरळ विपर्यास आहे.

दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून कर घेऊन तिजोरीत साठवलेली शिल्लक हे सुराज्याचे लक्षण नव्हे, हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1902 च्या अंदाजपत्रकी भाषणातच सुनावले होते. आंबेडकरांनी 1949 मध्ये घटना समितीत सरकारी कर्जावर संसदेने कायद्याने मर्यादा घालावी, अशी स्पष्ट अपेक्षा व्यक्त केली. कलम 292 मध्ये तशी तरतूद झाली, पण कायदा व्हायला 2003 साल उजाडले. मग बाराव्या वित्त आयोगाने कर्जसवलतीसाठी राज्यांना तशाच कायद्याची अट घातली आणि 2005 मध्ये महाराष्ट्राने तो केला.

त्या कायद्यांचा गाभा 'खर्च कमी करा' असा नव्हता. त्यात दोन तुटी वेगळ्या धरल्या होत्या. पगार, पेन्शन, व्याज, अनुदाने हा चालू खर्च कर्जातून भागवायचा नाही, म्हणून महसुली तूट शून्यावर आणायची. धरण, कालवा, रस्ता यांसाठी मात्र राजकोषीय तुटीच्या मर्यादेत कर्ज काढायला मुभा. किराणा उधारीवर आणणे वेगळे आणि विहिरीसाठी कर्ज काढणे वेगळे, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. केंद्रीय कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या विजय केळकर यांच्या कृतिदलानेही 2004 मध्ये करवसुली वाढवून तूट भरा आणि भांडवली खर्च वाढवा, असेच सांगितले होते.

खरे वळण 2018 चे, आणि त्याकडेच आपले दुर्लक्ष झाले. केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून महसुली तुटीचे उद्दिष्टच काढून टाकले. ही तांत्रिक सफाई आहे, असे तेव्हा वाटले. प्रत्यक्षात दोन मोजपट्ट्यांपैकी एक मोडली आणि राज्यांतही सगळी चर्चा उरलेल्या तीन टक्क्यांभोवती फिरू लागली. महाराष्ट्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात 45,891 कोटींची महसुली तूट दाखवली होती. म्हणजे एवढे कर्ज चालू खर्चातच जिरणार. तरी 'तीन टक्क्यांच्या आत' म्हटले की सगळे कसे निर्धास्त!

वरची मर्यादा पक्की आणि आतला चालू खर्च वाढता असेल, तर कात्री कुठे लागते? पगार थांबवता येत नाही, व्याज चुकवता येत नाही. कालव्याचे काम मात्र पुढच्या वर्षावर ढकलता येते. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातला निम्न दुधना प्रकल्प घ्या. धरण झाले, पाणी साठले. तरी वितरिका आणि चाऱ्यांची कामे वर्षानुवर्षे रेंगाळली. टेलच्या शेतकऱ्याला धरण दिसते, पाणीपाळी दिसत नाही.

प्रादेशिक असमतोलावरचा 2013 चा अहवालही केळकरांच्याच समितीचा, हे विसरू नये. तूट आवरा म्हणणारा अर्थतज्ज्ञ मराठवाड्याच्या पाण्यासाठी जादा पैसा मागत होता आणि त्यात विसंगती काहीच नव्हती. त्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. म्हणून परभणीच्या आमदारांनी अर्थसंकल्पावर बोलताना तीन टक्क्यांचा आकडा बाजूला ठेवून आधी हेच विचारावे: यंदाच्या कर्जातले किती रुपये चालू खर्चात गेले, आणि निम्न दुधनाच्या चाऱ्यांपर्यंत किती पोचले?