दोन हजार वीसपैकी एक

टोकियो ऑलिम्पिकच्या स्मरणार्थ ओमेगाने जी मर्यादित घड्याळं काढली, त्यांची संख्या आधीच ठरलेली होती: २,०२०. साल २०२०, म्हणून नग २,०२०. पुढे करोना आला आणि स्पर्धा झाल्या २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये. घड्याळावर कोरलेलं साल अर्थातच बदललं नाही. काळ मोजायची वस्तू तयार होती; काळानेच तिला वर्षभर ताटकळत ठेवलं.

असं एक घड्याळ मी पाहिलं ते भोसरीतल्या एका तरुण कारखानदाराच्या मनगटावर. मला बघायला आवडेल हे त्याला ठाऊक होतं, कारण माझी सगळी नोकरी याच औद्योगिक पट्ट्यात, इन्स्पेक्शनमध्ये गेली. त्याने घड्याळ काढून हातात दिलं. मी भिंग लावून पाहिलं. काम उत्तम होतं, एक कड चुकलेली नव्हती. "काका, दोन हजार वीसपैकी एक आहे," तो म्हणाला. मी विचारलं, "त्या स्पर्धेत तुला काय आवडलं?" तो हसला. "स्पर्धा कोण बघतंय? नंबर बघा ना."

नंबर मी आयुष्यभर बघत आलो. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कंपनीत जा, महत्त्वाच्या पार्टवर काही ना काही पंच केलेलं असतं. हीट नंबर, बॅच, तारीख, शिफ्ट. उद्या कुठे रस्त्यात एखादा क्रँकशाफ्ट तुटला तर त्या आकड्यांवरून माग काढत पोलादाच्या वितळणीपर्यंत आणि मशिनवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत जाता यावं, म्हणून. आमच्याकडे आकडा जबाबदारी अंगावर टाकतो. या घड्याळावरचा आकडा मान वाढवतो. दोन्ही पंच धातूवरच बसतात, पण एकाने माणूस बांधला जातो आणि दुसऱ्याने फुगतो.

ही पद्धत एकट्या टोकियोची नाही. लंडनच्या २०१२च्या ऑलिम्पिकसाठी ओमेगाने १९४८ सालच्या लंडन स्पर्धेची आठवण म्हणून १,९४८ घड्याळं काढली. रशियातल्या २०१८च्या फुटबॉल विश्वचषकासाठी उब्लोने २,०१८ काढली. सालाएवढे नग. आता मला सांगा, ज्या यंत्रांवर २,०२० झाली त्यांवर २,०२१वं होणार नाही का? होईल, पहिल्याइतकंच चोख होईल. ते होत नाही कारण न करायचं ठरलं आहे. सोनं जमिनीत कमी आहे म्हणून दुर्मीळ. हे दुर्मीळ आहे ते एका बैठकीतल्या निर्णयामुळे.

इथेच मला धर्माचा प्रश्न दिसतो. पतंजलींनी यमांमध्ये अपरिग्रह सांगितला, जैनांनी त्याचं व्रत केलं. गरजेपेक्षा जास्त साठवू नये. हा संयम घेणाऱ्याने पाळायचा असतो. मर्यादित आवृत्तीत संयम पाळतो तो बनवणारा, आणि कशासाठी, तर घेणाऱ्याचा संयम सुटावा म्हणून. व्रताचं सगळं बाह्यरूप आहे, फक्त त्याचं तोंड उलट्या दिशेला आहे. कुणाला यात गैर वाटणार नाही. मलाही कारागिराच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण ही वस्तू 'स्मरणार्थ' आहे असं म्हणतात, तेव्हा स्मरण कशाचं, हे विचारायचा हक्क आहे.

१९७२चा ऑगस्ट घ्या. म्युनिकच्या ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी या दोघांचीही वेळ ४ मिनिटं ३१.९८ सेकंद आली. मग हजारांश पाहिले. लार्सन ०.००२ सेकंदाने पुढे. त्या वेगाने एवढ्या वेळात पोहणारा तीन मिलिमीटरही जात नाही. तलावाच्या भिंती एका लेनपासून दुसऱ्या लेनपर्यंत तेवढ्या अचूक बांधता येतील याची हमी कोण देणार? नंतर पोहण्याचे निकाल शंभरांशावरच थांबवण्याचं ठरलं. इन्स्पेक्शनवाल्याला यात फार मोठं शहाणपण दिसतं. ज्या मापाला जॉबच पुरा पडत नाही, ते माप गेजमध्ये असून उपयोग नाही. अचूकतेलाही कुठे थांबायचं ते कळावं लागतं.

त्याच महिन्यात, त्याच देशात, हायडेलबर्गला पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर तिथे ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले. विश्वविक्रम, आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक. सैन्यातले मूळचे बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली शरीर निकामी झालेलं. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी. म्हणजे आमच्याच जगातला माणूस, बसच्या आणि शिफ्टच्या वेळा सांभाळणारा. त्या ३७.३३ सेकंदांचं घड्याळ कुणी काढलं नाही. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, सेहेचाळीस वर्षांनी. मग त्यांच्यावर सिनेमा आला तेव्हा लोक एकमेकांना विचारू लागले, हे आपल्याला माहीत कसं नव्हतं?

न्यायशास्त्र सांगतं की स्मृती संस्कारातून येते आणि संस्कार अनुभवातून. ज्याने अनुभवलं त्याच्यातच ठसा उरतो. हे काटेकोर धरलं तर हायडेलबर्गच्या पाण्याची खरी स्मृती पेटकरांची आणि त्या दिवशी काठावर असलेल्यांची. बाकी आपण सगळे, घड्याळवाले आणि बिनघड्याळवाले, बाहेरचेच. मग न पाहिलेल्या गोष्टीचं स्मरण करणं हे ढोंगच का?

याचं उत्तर मला चाकणनेच दिलं, आणि ते कारखाने यायच्या कितीतरी आधीचं आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीच्या डोक्यावर भामचंद्र डोंगर उभा आहे. तुकोबा तिथे एकांतात बसत, साक्षात्कार तिथे झाला, असं परंपरा मानते. खाली रात्रपाळीचे दिवे आणि कंटेनरची रांग. तुकोबांनी बापाच्या वेळची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला देऊन स्वतःच्या वाट्याची बुडवली. आकडे असलेले कागद त्यांनी स्वतःच्या हाताने सोडले. अभंगाच्या वह्या मात्र दुसऱ्यांच्या सांगण्यावरून बुडवाव्या लागल्या. तुकोबांच्या हातची ती एकच प्रत. आजच्या भाषेत, एकपैकी एक.

तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, असं भाविक सांगतात. त्याच्याच जोडीला दुसरी परंपरा आहे. चाकणचे संताजी जगनाडे, घाण्यावर तेल गाळणारे, तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक. त्यांना आणि गावोगावच्या लोकांना अभंग तोंडपाठ होते, ते त्यांनी पुन्हा उतरवले. संताजींच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी गाथा छापलीही. दोन्ही परंपरांत मला भांडण दिसत नाही. कागद बुडाला तरी अभंग बुडाला नाही, कारण तो कुणा एकाकडे क्रमांक घालून ठेवलेला नव्हता. घाण्याभोवती फिरताना, जात्यावर, वाटेने चालताना तो म्हटला जात होता.

म्हणजे संस्कार फक्त डोळ्यांनी पाहूनच होतो असं नाही, करूनही होतो. तुकोबांना न पाहिलेला वारकरी देहूहून आकुर्डीपर्यंत पालखीबरोबर चालतो, त्याच्या पायांना जे होतं तो त्याचा स्वतःचा अनुभव असतो. त्याचं स्मरण उधारीचं राहत नाही. आणि त्याच्या शेजारी आणखी हजार जण चालले म्हणून त्याच्या वाट्याचं काही कमी होत नाही. घड्याळाचं नेमकं उलट आहे. २,०२१वं निघालं तर आधीच्या २,०२० जणांना फसवल्यासारखं वाटेल. जी गोष्ट दुसऱ्याला मिळाली की आपली घटते, ती मालमत्ता. स्मरण तसं नसतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. संतांनीही दुर्लभतेचंच गुणगान केलं. नरदेह दुर्लभ, सत्संग दुर्लभ. मग दुर्लभ वस्तूला किंमत देणाऱ्याला नावं का ठेवायची? मला वाटतं, इथे दोन वेगळ्या दुर्लभता आहेत. पेटकरांचे ३७.३३ सेकंद पुन्हा येणार नाहीत. ते कुणी ठरवून कमी केलेले नाहीत. प्रत्येक क्षण असाच एकदाच निघतो. त्याचं मोल कळावं म्हणून संत दुर्लभता सांगतात, आणि सांगतात तेही सगळ्यांना, रस्त्यावर उभं राहून. ठरवून आणलेली दुर्लभता मोजक्यांना सांगितली जाते, बाकीच्यांना ती फक्त दाखवायची असते.

शिवाय आकडा लिहिण्यातही फरक आहे. घड्याळाच्या मर्यादित आवृत्तीत एकूण किती हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. दोन हजार वीसपैकी एक, अपूर्णांक पुरा. माणसाच्या दिवसांचा अपूर्णांक असा कधीच पुरा नसतो. आज कितवा दिवस, हे जन्मतारखेवरून काढता येतं. छेद मात्र कुणालाच ठाऊक नसतो. हा न लिहिलेला छेद सोसवत नाही म्हणून आपण वस्तूंवर छेद कोरून घेतो, असं मला वाटतं. निदान इथे तरी किती ते कळतं. ही भीती खोटी नाही. तिच्यावरचा उपाय तेवढा चुकीच्या दुकानातून घेतलेला आहे.

त्या तरुणाला मी घड्याळ विकून टाक असं म्हटलं नाही, म्हणणारही नाही. घड्याळ चांगलं आहे, वापरावं. फक्त त्याच्या शॉपवरच्या पोरांनी मनगटाकडे बघून विचारलं, तर त्याने नंबर सांगून थांबू नये. टोकियोत ८७.५८ मीटर भाला कुणी फेकला, हायडेलबर्गला ३७.३३ सेकंदांत कोण पोहला, हे सांगावं. पोरं ते घरी जाऊन आणखी कुणाला सांगतील, आणि त्याच्याकडचं काहीही कमी होणार नाही.