पाप कोणाचें?



बाळ जन्मास येतें आणि त्याच्या कपाळावर व पापणीवर द्राक्षारसाच्या रंगाचा डाग दिसतो. शेजारणी आईला विचारतात, ग्रहणांत विळी तर हातीं धरली नव्हतीस ना? कांहीं महिन्यांनीं बाळास आकडी आली म्हणजे बोलणें अधिक कठोर होतें. पाप कोणाचें?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत शिष्यांनीं जन्मांधाविषयीं हेंच विचारिलें. प्रभूनें त्याला व त्याच्या आईबापांनाही त्या आरोपांतून मोकळें केलें, आणि लागलीच त्याच्या डोळ्यांना हात लाविला. हा अध्याय मंदिरांत ऐकून घरीं सुनेला ग्रहणाविषयीं विचारणारे आमच्या मंडळ्यांतही आहेत!

इंग्लंडांतील डॉक्टर स्टर्ज यांनीं १८७९ सालीं अशाच एका मुलीची हकीकत वैद्यांपुढें मांडिली. पुढें डॉक्टर वेबर यांचें नांव जोडून या विकारास स्टर्ज-वेबर म्हणूं लागले. चेहऱ्याच्या कातडींतील बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, तशाच मेंदूच्या आवरणांतही असतात. तेथें रक्त नीट वाहत नाहीं, म्हणून आकडी येते. कधीं एका बाजूचे हातपाय दुबळे पडतात. डोळ्यांतील दाब वाढून दृष्टीही जाऊं शकते. २०१३ सालीं संशोधकांस याचें मूळ सांपडलें: गर्भ वाढत असतां एखाद्या पेशींतील एका जनुकांत बदल घडतो. तो आईबापांकडून आलेला नसतो. ग्रहणाचा व विळीचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं.

असा प्रत्येक डाग या विकाराचाच असतो असें नाहीं. परंतु तो कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर आकडीची वाट न पाहतां बाळास डॉक्टरांस दाखवावें व डोळेही तपासून घ्यावे. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक अंगणवाडींत येतें, त्यांनाही सांगावें. आकडी आल्यास बाळाला कुशीवर निजवावें. तोंडांत कांहीं घालूं नये, कांदा किंवा जोडा हुंगवूं नये. तत्काळ दवाखाना गांठावा.

उपदेशक बंधूंनो, अशा घरीं जाल तेव्हां सर्वांदेखत बाळाला प्रथम मांडीवर घ्या. ऊसतोडीच्या हंगामांत कोप्यांवरही जा. परगांवच्या आईला येथील दवाखान्याची वाट ठाऊक नसते, तिच्याबरोबर चाला. आणि आकडी थांबली म्हणून घरच्यांनीं औषध मध्येंच सोडलें नाहीं ना, हें पुढल्या आठवड्यांत पुन्हां जाऊन विचारा.