दाराशी टांगलेला काटा

बोर्निओच्या दक्षिणेला कुमाई नावाचं नदीकाठचं बंदर आहे. तिथे माणसांच्या घरांपेक्षा पाकोळ्यांच्या इमारती उंच. सिमेंटचे तीन-चार मजली ठोकळे, खिडकी एकही नाही. वरच्या अंगाला पाखरांना शिरायला एक झरोका, आणि आत मिट्ट काळोख. पाकोळी आपल्या लाळेचं घरटं छताच्या फळीला चिकटवते. चिनी लोक त्याचं सूप करतात आणि मोल चांगलं देतात. शंभरेक घरटी जमली की किलो भरतो.  

कुमाईतल्या एका दुकानदाराने असंच तीन मजली घर बांधलं. जाणत्यांनी सांगितलं होतं, हवेत ओलावा 80 ते 90 टक्के हवा आणि उष्मा 26 ते 30 अंशांच्या आत. त्याने धुकं सोडणारं यंत्र बसवलं, ओलावा मोजायचा काटा आणला आणि तो खाली दाराशी, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर टांगला. रोज दुकानात जाताना दार किलकिलं करायचं, काटा 85 वर दिसला की कडी लावून निघायचं.

पाखरं आली, फळ्यांवर घरटीही धरली. मग एके दिवशी वरच्या मजल्यावर एक घरटं तडकून अंड्यांसकट खाली आलं. त्याने धुकं वाढवलं. तशी खालच्या मजल्यावरच्या फळ्यांना बुरशी चढली, घरटी पिवळी पडू लागली. धुकं कमी केलं, तर वर पुन्हा तडे. शेवटी ओल बाहेर जाऊ नये म्हणून त्याने हवेची भोकंच बुजवली. विष्ठेच्या उग्र वासाने आत उभं राहवेना. दोष कधी लाकडाला दिला, कधी शेजाऱ्याने पाखरं ओढायला भोंग्यावर लावलेल्या त्यांच्याच आवाजाला. काटा मात्र 85 वर, त्यामुळे त्याच्यावर कोण संशय घेणार?

घरटी काढायला एक म्हातारा यायचा. त्याने काट्याकडे पाहिलंही नाही. शिडी लावून वर गेला आणि पत्र्याखालच्या छताला तळहात लावला, तो चटकन मागे घेतला. एका घरट्याच्या मुळाशी पाणी फवारलं. फळीने ते घटकेत पिऊन टाकलं. मग खाली येऊन तिथल्या फळीवरून बोट फिरवलं. बोट बुळबुळीत.

‘‘काटा कुणासाठी टांगलायस?’’

‘‘मला दिसावा म्हणून, काका.’’

‘‘मग जागा बरोबर आहे. तू दाराशी उभा राहतोस, पाखरू छताला लटकतं. ज्याच्यासाठी मोजायचं, त्याच्या जागी जाऊन मोजावं.’’

दुकानदाराला राग आला, पण रात्री तो स्वतःच काटा घेऊन शिडी चढला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा चढला. मग कामाला लागला. पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून दुसरं छत घातलं. बुजवलेली भोकं उघडली आणि प्रत्येकात तोंड खाली वळवलेला प्लास्टिकचा कोपरा बसवला, म्हणजे हवा खेळावी पण उजेड शिरू नये. धुक्याचं यंत्र वरच्या मजल्यावर नेलं, तेही दुपारपुरतंच. खालच्या बुरसटलेल्या फळ्या बदलल्या, विष्ठा झाडून काढली. प्रत्येक मजल्यावर छतालगत एकेक काटा लावला. रोज शिडी चढून तिन्ही बघायचे. गुडघे कुरकुरत, पण इलाज नव्हता.

पाखरू लगेच परतत नाही. वरच्या मजल्याने आधी जीव धरला; खालच्या नव्या फळ्यांवर मात्र कितीतरी दिवस एकही घरटं नव्हतं.

पुढे त्याच्या साडूनेही पाकोळीघर बांधलं आणि वही-पेन घेऊन विचारायला आला, ‘‘ओलावा किती टक्के ठेवता?’’

‘‘कुठल्या मजल्यावर?’’ असं म्हणत दुकानदाराने शिडी त्याच्या हातात दिली.