हवापालट

‘हवापालट’ हा आपल्या भाषेतला सुखवस्तू घरांचा शब्द. ताप रेंगाळला, खोकला हटेना, की जुने डॉक्टर सांगत, थोडी हवापालट करून या. ज्यांना परवडे ते देवळालीला, माथेरानला, पाचगणीला जात. क्षयावर औषधच नव्हते त्या काळात, १९१२ साली, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला बेल-एअर हे आरोग्यधाम उभारले तेही याच भरवशावर. रोग्याला मोकळ्या हवेत ठेवायचे, चांगले खाऊ घालायचे, आणि बाकी त्याच्या शरीरावर सोपवायचे.

भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराच्या वाट्याला येते ती हवापालट निराळी असते. महिना-दोन महिने तो खोकत खोकत पाळी ओढतो. अंगावरचा सदरा सैल होतो, संध्याकाळी कणकण येते. मग एक दिवस मुकादमाकडून हिशेब घेऊन तो ‘मुलुखा’ला निघून जातो. त्याच्या मागावर दुसरा येतो, बहुधा त्याच्याच गावचा. खोलीतल्या त्याच्या जागेवरही तोच झोपतो. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्या जागेवर आडवा होतो, असा तिथला रिवाज आहे. माणसे पालटतात, हवा तीच राहते.

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. ज्याच्या छपराखाली दहा माणसे एकत्र श्वास घेतात, त्या हवेची जबाबदारी छपराच्या धन्याची आहे, श्वास घेणाऱ्याची नाही. हे आपल्याला पाण्याच्या बाबतीत पटलेले आहे. नळाला गढूळ पाणी आले तर आपण पालिकेला जाब विचारतो. ‘तुम्ही कमी प्या’ असे कोणी आपल्याला सांगत नाही, सांगितले तर आपण ऐकून घेणार नाही. हवेच्या बाबतीत मात्र नेमके हेच सांगितले जाते. तोंड झाका, लांब उभे राहा, खोकला आला तर बाहेर जा. बारा तासांची पाळी, घामाच्या धारा, नाकातोंडात उडणारे सुताचे तंतू, अशात मुखपट्टी बांधून राहा असे ज्याने सांगावे त्याने आधी एक पाळी तशी काढून पाहावी.

शांतीनगर, गैबीनगर, पद्मानगर, नारपोली. या वस्त्यांतून चालताना मागांचा खडखडाट भिंतीतून छातीत शिरतो. आत खिडक्या बहुतेक बंद असतात. याला मालकाचा निव्वळ हलगर्जीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. वारा आला की सूत हलते, हवा कोरडी झाली की ताण्याचा धागा तटातट तुटतो, आणि तुटलेला धागा म्हणजे थांबलेला माग. त्यामुळे दमट, कोंडलेली हवा ही तिथे धंद्याची गरज होऊन बसली आहे. त्यात आवाज इतका, की शेजारच्याला काही सांगायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. आता हे ध्यानात घ्या, की माणूस जितक्या मोठ्याने बोलतो तितके अधिक सूक्ष्म थेंब त्याच्या तोंडातून बाहेर पडतात. बंद खोली, ओरडून बोलणे, तासन्‌तास तीच संगत. क्षयाच्या जंतूला आणखी काय हवे?

हे थेंब इतके बारीक असतात की ते खाली पडत नाहीत, धुरासारखे तरंगत राहतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत त्या हवेत टिकू शकतो. २०२२च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडीत गोवर पसरला, लहान मुले दगावली. लस चुकली हे त्याचे पहिले कारण, आणि लसीला पर्याय नाही. पण लस न मिळालेल्या बाळापर्यंत तो विषाणू पोचला तो खोल्याखोल्यांतल्या सामायिक हवेतूनच.

करोनाच्या वेळी ही गोष्ट जगाला पुन्हा शिकावी लागली. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले होते, की हा रोग हवेतून पसरत नाही. ती चूक होती, आणि ती दुरुस्त व्हायला फार वेळ गेला. तोवर आपण काय केले? वस्तू पुसल्या, रस्ते धुतले, आणि बरेलीला तर घरी परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारले. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची गाडी सुटली. त्यात बसलेल्यांपैकी कितीतरी जण आयुष्यभर भिवंडीतच कापड विणत आले होते. कष्टकऱ्याचे शरीर घाण आहे, त्याच्या भोवतीची हवा नव्हे, ही आपली जुनी समजूत बरेलीच्या त्या फवाऱ्यातून बोलली. अस्पृश्यतेचा इतिहास असलेल्या समाजाने हे विसरू नये. १९२७ साली महाडच्या तळ्यावर माणसे गेली ती, पाणी सगळ्यांचे आहे आणि कोणाच्या हाताने ते बाटत नाही, हे सिद्ध करायला. हवेच्या बाबतीतही आपल्याला त्याच सत्याजवळ यावे लागेल.

हवा स्वच्छ करण्याची विद्या नवी नाही. अमेरिकेत विल्यम वेल्स यांनी १९३७पासून फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत वर्गाच्या वरच्या भागात अतिनील किरणांचे दिवे लावले. १९४१च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांतली मुले इतर वर्गांच्या मानाने पुष्कळच कमी आजारी पडली. पुढे त्यांचे शिष्य रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या खोल्यांतली हवा नळीने गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. साधी हवा मिळालेल्यांना क्षय झाला. तीच हवा किरणांखालून नेली तेव्हा एकालाही झाला नाही. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच हे हातात आले होते. पण तोवर क्षयावर गोळ्या निघाल्या होत्या आणि जगाने हवेचा विचार बाजूला ठेवला. गोळी रोग्याला बरे करते, पण निदान होण्याआधीच्या महिन्यांत तो ज्यांना रोग देतो त्यांच्यासाठी काय?

आपल्याकडे हे यंत्र कोणाला मिळाले तेही पाहा. २०२१च्या जुलैमध्ये, पावसाळी अधिवेशनाआधी, केंद्र सरकारने जाहीर केले की संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात, लोकसभेच्या दालनात आणि समित्यांच्या दोन खोल्यांत अतिनील किरणांनी हवा निर्जंतुक करणारी यंत्रणा बसवली जाईल. ती चंदीगडच्या सरकारी प्रयोगशाळेने बनवली होती. चांगली गोष्ट. लोकप्रतिनिधींचे प्राण मोलाचे आहेतच. पण जनतेच्या पैशाने तयार झालेली विद्या जनतेच्या सर्वांत कोंडलेल्या खोल्यांपर्यंत का पोचू नये, हा प्रश्न भिवंडीने विचारलाच पाहिजे.

विचारताना डोळे उघडे ठेवून विचारावा. दिवा लावला की काम झाले असे नाही. नेहमीचे, २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्यांना आणि कातडीला बाधतात, म्हणून दिवे डोक्याच्या बरेच वर, सात फुटांहून उंच लावावे लागतात, आणि खालची हवा वर जाईल अशी पंख्याची सोय करावी लागते. छतच ठेंगणे असेल तर हे जमत नाही. हवेत ओल फार असली की किरणांचा जोर कमी पडतो, आणि भिवंडीचा पावसाळा तर सगळ्यांना माहीत आहे. दिव्यावर सुताचा तूस बसला की तो आंधळा होतो. हवा गाळणारे यंत्रही मागाच्या शेडमध्ये त्याच कारणाने लवकर तुंबते. माझ्या मते या दिव्यांची खरी जागा रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगा, पालिकेच्या शाळा, आणि क्षयरोग्याला गोळ्यांसाठी बोलावतात ती खोली ही आहे. उंच छताची, माणसांनी भरलेली, तूस नसलेली.

मागाच्या शेडला आणि झोपायच्या खोलीला हवी ती साधी हवापालट. शास्त्रज्ञही हाच हिशेब करतात. तासाला किती वेळा खोलीतली सगळी हवा बाहेर जाऊन नवी येते ते मोजतात. पेरू देशात लिमा शहरातल्या रुग्णालयांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. दारे-खिडक्या सताड उघडल्या तेव्हा हवा तासाला सुमारे २८ वेळा पालटली, आणि यंत्राने हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्यांत १२ वेळा. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती सर्वांत सुरक्षित ठरल्या. शेडमध्ये खिडकी उघडता येत नसेल तर छपराजवळ हवा बाहेर फेकणारे पंखे बसवावेत, आणि समोरच्या भिंतीला, सुतावर थेट झोत येणार नाही अशा उंचीवर, जाळी ठेवावी. कारागिरांच्या हाताने होणारे हे काम आहे. त्याने तूसही कमी होतो, छातीही वाचते.

मालक म्हणतील, धंद्यात दम उरलेला नाही. विजेचे बिल, सुताचे भाव, मंदी. हे सगळे खरे आहे. पण १९४८च्या फॅक्टरी कायद्याने दर कामगारामागे १४.२ घनमीटर जागा सांगितली, आणि चौदा फुटांच्या वरची उंची त्यात धरायची नाही असेही बजावले. त्यामागे हवेचाच विचार होता. त्यातून सुटायला एकाच शेडमध्ये भिंती घालून, घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या नावे वेगवेगळे कारखाने दाखवायचे, म्हणजे कामगारांची संख्या कायदा लागू होण्याच्या मर्यादेखाली राहते. ही युक्ती मंदीतून आलेली नाही. तेजीतही ती चालूच होती.

भिवंडीला माणुसकी शिकवायला नको. २०२० साली करोनात रुग्णालयांत खाटा मिळेनात, तेव्हा शांतीनगरच्या मक्का मशिदीत सर्वांसाठी मोफत प्राणवायू केंद्र उघडले गेले. धाप लागलेल्याला या गावाने श्वास दिला. आता धाप लागण्याच्या आधीची सोय करायची आहे. मागवाल्यांच्या संघटनांनी, पालिकेने आणि कामगारांना रांधून घालणाऱ्या बिशांनी मिळून एक-एक गल्ली घ्यावी.

आणि वाचकांनो, सुरुवात आजच करता येईल. आपल्या खोलीत, बिशीत, शिकवणीच्या वर्गात, माणसे भरलेली असताना एक अगरबत्ती लावा आणि धूर पाहा. तो दाराखिडकीकडे सरकतो की डोक्यावर तसाच थांबतो? मागाच्या शेडमध्ये अगरबत्ती नेऊ नका, तूस पेट घेईल. तिथे उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे तंतूच पाहा. ते जिथल्या तिथे घुटमळत असतील, तर त्याच दिवशी मालकाला हात धरून आत न्या आणि ते दाखवा.