हौशी संगीतकार आणि तयार चित्र

चित्रपटाला पार्श्वसंगीत देण्याच्या स्पर्धेत आता घरबसल्या उतरता येतं. आयोजक एखाद्या प्रसंगाची चित्रफीत देतात. तिच्यात संवाद असतात, गाडीचे, दारांचे आवाज असतात. संगीत तेवढं काढून घेतलेलं असतं. बारामतीतल्या एखाद्या मुलाकडे लॅपटॉप, छोटा कीबोर्ड आणि बऱ्यापैकी हेडफोन असला, की मुंबईच्या स्टुडिओची पायरी न चढताही तो प्रवेशिका पाठवू शकतो. पाठवावी का, हा खरा प्रश्न.

जिंकण्यासाठी पाठवायची असेल, तर आधी हिशेब मांडलेला बरा. 2020 मध्ये स्पिटफायर ऑडिओ आणि एचबीओ यांनी ‘वेस्टवर्ल्ड’ मालिकेतल्या पाठलागाच्या प्रसंगासाठी अशी स्पर्धा घेतली. प्रवेशिका आल्या 11,000हून अधिक. पहिल्या आलेल्या संगीतात जुन्या व्हिडिओ गेमसारखे आवाज होते आणि निकालावर बराच गदारोळ झाला. स्पिटफायरचा धंदा वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने विकण्याचा. तेव्हा स्पर्धेत जाहिरातीचाही भाग होताच. शिवाय एवढ्या गर्दीत प्रत्येकाला ‘तुझं इथे चुकलं’ असं कोण सांगत बसणार?

तरीही पाठवावी, असं माझं मत आहे. कारण अशी स्पर्धा हौशी माणसाला एरवी न मिळणारी गोष्ट देते, ती म्हणजे कापून-जोडून तयार झालेलं चित्र. ते तुमच्या चालीसाठी अर्धा सेकंदही थांबत नाही. समजा, 23.4 सेकंदांवर दार आपटतं. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली, तर तीनतालाची तीन आवर्तनं, म्हणजे 48 मात्रा, 24 सेकंदांत संपतात. सम दारानंतर 0.6 सेकंदाने येते. सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रात हा उशीर जवळजवळ 14 फ्रेमचा. लय 123 केली, की सम दारावर येते. हे गणित जमलं की पुढचा, अधिक अवघड प्रश्न येतो: दार आपटताना संगीत हवंच कशाला? नुसता दाराचा आवाज पुरेसा नाही का? घरी स्वतःपुरत्या चाली बांधणाऱ्याला हा प्रश्न पडण्याचं कारणच नसतं.

इथे आपल्या बारामती-इंदापूर भागातल्या मुलांची गल्लत दोन बाजूंनी होते. ‘सैराट’चा (2016) वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि त्या चित्रपटातला करमाळ्याचा मुलूख इंदापूरहून उजनीच्या पाण्यापलीकडे. साहजिकच व्हायोलिनांचा तसा लोंढा सगळ्यांना हवासा वाटतो. अजय-अतुल यांच्या त्या संगीतात वाद्यवृंद पाश्चात्त्य असला तरी चालींचा पिंड मराठी आहे, हे मात्र नक्कल करताना सुटतं. दुसरी गल्लत याच्या उलट: आपली माती दाखवायची म्हणून मोटारींच्या पाठलागावर हलगी चिकटवायची. वारीत बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या दिंडीकडे नीट कान दिला, तर वेगळंच काही हाती लागतं. तिथले टाळ-मृदंग चालणाऱ्याच्या पावलाशी बांधलेले असतात. दुसऱ्याच्या गतीला साथ करणं हेच तर पार्श्वसंगीताचं काम. स्पर्धेत नेण्याजोगी आहे ती ही समज. हलगीचा नमुना विकतही मिळतो.

महाराष्ट्रात हौशी असणं कमीपणाचं कधीच नव्हतं. शेजारच्या दौंडला डॉक्टरकी करणारे जब्बार पटेल हौशी रंगभूमीवरून चित्रपटात आले. साखर कारखानदारीतल्या सत्तेवरचा त्यांचा ‘सामना’ 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्याचं संगीत होतं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या भास्कर चंदावरकरांचं. 1954 पासूनच्या राज्य नाट्य स्पर्धेने हौशी नाटकाला प्रेक्षक दिला, परीक्षक दिला आणि प्रयोगानंतर रात्री उशिरापर्यंत चालणारी भांडणंही दिली. माणूस घडतो तो या भांडणांत. पार्श्वसंगीताच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. राष्ट्रीय पुरस्कारांतही गाण्यांपासून वेगळं काढून त्याची नियमित दखल घेतली जाऊ लागली ती 2009 च्या चित्रपटांपासून.

म्हणून परदेशी स्पर्धेत जरूर उतरावं, पण निकालाची वाट पाहत बसू नये. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांनी आपल्याच विद्यार्थ्यांच्या लघुपटातला दोन मिनिटांचा प्रसंग संगीत काढून द्यावा. दहा प्रवेशिका आल्या तरी पुष्कळ झाल्या. त्या सगळ्या एकापाठोपाठ एक, भरल्या सभागृहात दाखवाव्यात. तोच प्रसंग एका संगीताने करुण होतो आणि दुसऱ्याने संशयास्पद, हे प्रेक्षकांना तिथल्या तिथे कळेल. परीक्षकांनी मात्र नंबर जाहीर करण्याआधी प्रत्येकाला कारणं सांगावीत. बक्षीस छोटं असलं तरी चालेल, कारणं सांगताना हात आखडता घेऊ नये.